मे महिन्यातली विहीर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या सूचना आणि पतपेढ्यांच्या जप्तीच्या नोटिसा यांच्या बेचक्यात, अधूनमधून एक चौकट छापलेली असते. ‘पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी’ असा तिचा मथळा. खाली गट क्रमांक, क्षेत्र किती हेक्टर, मौजे अमुक, तालुका तमुक, आणि मग एक लांबलचक वाक्य : ज्या नागरिकांना सदर प्रकल्पाबाबत सूचना, हरकती अथवा मते मांडावयाची असतील त्यांनी ती तीस दिवसांच्या आत लेखी सादर करावीत. अक्षर इतके बारीक की साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाने ते खिडकीशी नेऊनच वाचावे. ही चौकट सहसा कोणी वाचत नाही. ज्यांच्या गावाविषयी ती असते तेही वाचत नाहीत, कारण त्यांच्या गावात बहुधा दुसरेच वर्तमानपत्र येते.

या चौकटीमागे मोठा कायदा उभा आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की ठराविक प्रकारचे प्रकल्प पर्यावरणविषयक परवानगीशिवाय सुरू करता येणार नाहीत. १९९७ साली तीत लोकसुनावणीची अट आली. १४ सप्टेंबर २००६ रोजी जुनी अधिसूचना जाऊन नवी आली आणि दुरुस्त्यांची ठिगळे लागत लागत तीच आजवर चालू आहे. धरण, बंदर, औष्णिक वीज केंद्र असले अवाढव्य प्रकल्प तीत येतातच. पण गावच्या वेशीवरची दगडाची खाण, नदीतला वाळूचा गट, तालुक्याच्या गावाबाहेर उभी राहणारी वीस हजार चौरस मीटरांहून मोठी वसाहत, हेही येते. (वसाहतींना लोकसुनावणी माफ आहे. तिथे ती बारीक अक्षरातली चौकटसुद्धा छापून येत नाही.) सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये हरयाणातल्या एका प्रकरणात निकाल दिल्यापासून पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही परवानगी लागू लागली. म्हणजे हा विषय आता दिल्लीचा राहिलेला नाही, चावडीचा झाला आहे.

परवानगी मागणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला एक अहवाल सादर करावा लागतो. सरकारी मराठीत त्याला ‘पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल’ म्हणतात. नाव उच्चारतानाच आघात होतो. प्रकल्पापूर्वी तिथली हवा, पाणी, जमीन, झाडेझुडपे, जनावरे आणि माणसे यांची स्थिती काय आहे, प्रकल्पामुळे तीत काय बदल होईल, तो बदल सुसह्य करण्यासाठी काय केले जाईल, दुसऱ्या जागेचा विचार झाला होता काय, हे त्यात यावे अशी अपेक्षा असते. कल्पना उत्तम आहे. अमेरिकेने ती १९७० पासून अमलात आणली. मात्र तिथल्या मूळ कायद्यात हे निवेदन तयार करण्याची जबाबदारी सरकारी खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्यावर होती. आपण ती अर्जदारावर टाकली. अर्जदार सल्लागार नेमतो, त्याला फी देतो, आणि सल्लागार अर्जदाराच्या प्रकल्पाने काय बिघडेल ते लिहितो. मला या सगळ्या दुखण्याचे मूळ इथेच दिसते.

मी चौतीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. रात्री कादंबऱ्या लिहिल्या आणि दिवसा कर्जाच्या टिपण्या. दोन्हींत एक फरक मी कटाक्षाने पाळला : टिपणीत कल्पनेला वाव दिला नाही. कर्ज मागायला येणारा माणूस सोबत एक प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतो. तो त्याच्या चार्टर्ड अकाउंटंटने बनवलेला असतो आणि त्यात कारखाना दुसऱ्या वर्षापासून फायद्यात चाललेला असतो. तो तोट्यात जाणारा प्रोजेक्ट रिपोर्ट मी नोकरीत एकदाही पाहिला नाही. यात अर्जदाराची लबाडी असतेच असे नाही. स्वतःच्या धंद्याविषयी माणूस आशावादी असायचाच, नाहीतर तो धंदा काढीलच कशाला?

म्हणून बँक काय करते? तारण जमिनीची किंमत ती स्वतःच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडून काढून घेते. फी कर्जदाराच्या खात्यातून जाते, पण व्हॅल्युअर कोण हे कर्जदार ठरवत नाही, आणि कर्ज नामंजूर झाले तरी त्याची फी बुडत नाही. मालकी हक्काचा शोध बँकेचा वकील घेतो. मग शाखेचा अधिकारी स्वतः जागेवर जातो. दुपारच्या उन्हात, बहुधा एस.टी.ने. आणि शेवटी टिपणी लिहिताना प्रत्येक आकडा असा घ्यायचा की चुकलाच तर बँकेच्या बाजूने चुकावा. गोदामातला माल खरेदीच्या किमतीला धरायचा की बाजारभावाला? जे कमी असेल त्याला. विक्रीचा अंदाज थोडा खाली ओढायचा, खर्चाचा वर, आणि मग पाहायचे की हप्ता निघतो का. याला अविश्वास म्हणत नाहीत. पैसा ठेवीदाराचा असतो आणि ठेवीदार त्या टेबलाशी हजर नसतो, एवढेच.

आता आमच्या तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचे नाव देत नाही, कारण प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. आणि अर्जदार गावचाच आहे, लग्नकार्यात माझ्या शेजारी पंगतीला बसणारा आहे. गावाच्या डोक्यावर सडा आहे. कोकण पाहिलेल्याला सडा सांगायला नको. ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो, की हे जांभ्या दगडाचे काळेतांबडे उघडे पठार असते. उन्हाळ्यात त्यावर पाऊल ठेववत नाही. सातबारावर त्याची नोंद ‘पोटखराब’ अशी. या सड्यावर जांभ्याची खाण काढण्यासाठी अर्ज झाला. खाणपट्टा पाच हेक्टरांहून मोठा, म्हणून अहवाल आला आणि लोकसुनावणी आली. ग्रामपंचायतीत अहवालाची एक प्रत आली ती साडेचारशेवर पानांची, इंग्रजीत. सोबत ‘कार्यकारी सारांश’ मराठीत, अकरा पानांचा. सरपंचांनी दोन्ही गठ्ठे माझ्या ओटीवर आणून ठेवले. म्हणाले, “काका, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कागद वाचायची सवय आहे.”

कागद मी बँकेतल्यासारखाच वाचला, म्हणजे मागून पुढे. आधी परिशिष्टे, मग तक्ते, आणि गोडगोड प्रास्ताविक सर्वांत शेवटी.

अहवालात अर्जदाराने सहा मीटर खोल खणण्याचे प्रस्तावित केले होते. भूजलाची पातळी जमिनीखाली अकरा मीटर दाखवली होती. निष्कर्ष : खणकाम भूजलापर्यंत पोहोचत नाही, सबब पाण्यावर परिणाम नाही. वरवर पाहता हिशेब बिनतोड आहे. सहातून अकरा जात नाहीत. पण अकरा हा आकडा कोठून आला ते परिशिष्टात शोधले, तेव्हा तो सड्याच्या कडेच्या एका विहिरीवर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घेतलेला निघाला.

मी बँकेत असताना विहिरींसाठी पुष्कळ कर्जे दिली. विहिरीला पाणी आहे का हे पाहायला आम्ही मे महिन्यातच जायचो, कारण मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असते. त्या वेळी विहीर टिकली तर वर्षभर टिकते. कर्ज देणाऱ्याने बघायचा सर्वांत वाईट महिना तो. पण प्रश्न उलटा असेल, म्हणजे खाण पाण्यात शिरेल का असा असेल, तर सर्वांत वाईट महिना ऑगस्ट. जांभा हा सच्छिद्र दगड. पाऊस तो स्पंजासारखा पितो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या उतारावर कोठेतरी झरा होऊन बाहेर पडते. आमच्याकडच्या कित्येक वाड्या अशा झऱ्यांवर वसल्या आहेत. या गावात सड्याखालच्या वाडीची नळयोजनाही अशाच एका झऱ्यावर आहे. म्हणजे अहवालातला आकडा खोटा नव्हता. मोजणाऱ्याने तो प्रामाणिकपणे मोजला असेल. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

यात सल्लागाराने नियम मोडला असेही नाही. खरी मौज, किंवा खरे दुःख, इथे आहे. अशा अहवालांसाठी सर्वसाधारणपणे एका ऋतूची पाहणी पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही असावा लागतो. हवेतली धूळ मोजायची तर हे बरोबरच आहे; पावसात धूळ बसते आणि आकडे खोटेच चांगले येतात. पण धुळीसाठी केलेला नियम पाण्याला लागला, झाडांना लागला, बेडकांना लागला. कोकणात वर्षाचा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. ते चार महिने वगळून कोकणाचा अभ्यास करणे म्हणजे पंढरपूरचा अभ्यास एकादशी वगळून करण्यासारखे आहे.

त्या सारांशात सड्याचे वर्णन होते : ‘खडकाळ, ओसाड व वनस्पतीविरहित’. मार्च ते मे या काळात ते शब्दशः खरे आहे. पहिला पाऊस पडल्यावर आठवड्याभरात याच सड्यावर दीपकाडीची पांढरी फुले येतात. कोकणच्या सड्यांवरची ती खास वनस्पती. मग गेंद येतो, श्रावणात सीतेची आसवे येतात, ती निळी-जांभळी नाजूक फुले. आणि त्या एवढ्याशा झाडाचा धंदा काय, तर किडे पकडून खाण्याचा, कारण त्या दगडात खायला दुसरे काही नसते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराची हीच जात. तिथे २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा शिक्का बसला आणि रविवारी गाड्या लावायला जागा मिळेना. आमच्या सड्यावर शिक्का पोटखराबचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे सापडली आणि २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तीही आपण हजारो वर्षे ओसाड म्हणूनच ओलांडत होतो.

आणखी एक तपशील. पाहणीचे क्षेत्र म्हणून खाणीभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढलेले होते. गाव किनाऱ्यापासून फार दूर नाही, त्यामुळे वर्तुळाचा बराच भाग समुद्रात गेला होता. त्या भागात काय आहे याविषयी साडेचारशे पानांत एक ओळही नव्हती. खाडी नाही, मासे नाहीत, पावसाळ्यात तांबडी माती वाहून जिथे जाणार ती जागा नाही. नकाशावर नुसता निळा रंग.

कादंबरीकार म्हणून मला अहवालाच्या भाषेविषयीही थोडे बोलायचे आहे. अहवालाच्या शेवटी ‘पर्यावरण व्यवस्थापन आराखडा’ नावाचे प्रकरण असते. त्यातली क्रियापदे पाहा. ‘रस्त्यावर पाणी शिंपडण्यात येईल. झाडे लावण्यात येतील. वाहने झाकून नेण्यात येतील. कामगारांची तपासणी करण्यात येईल.’ सबंध प्रकरणात कर्ता नाही. कोण शिंपडणार, केव्हा, कोणते पाणी? (तेही झऱ्याचेच तर नव्हे?) आमच्या मंजुरीपत्रात असे वाक्य लिहिणाऱ्याला विभागीय कार्यालयाने पत्र परत पाठवले असते. तिथे लिहावे लागते : कर्जदार अमुक तारखेच्या आत अमुक विमा उतरवील आणि पॉलिसी शाखेत जमा करील, न केल्यास बँक उतरवील आणि रक्कम कर्जदाराच्या नावे टाकील. कर्ता, क्रियापद, तारीख आणि परिणाम. ज्या वाक्यात कर्ता नसतो त्या वाक्याला कोर्टात उभे करता येत नाही.

कोणाला वाटेल, एका लहानशा खाणीच्या अहवालावरून मी फार मोठे अनुमान काढतो आहे. तर मोठी उदाहरणे घ्या. २००७ साली आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातले परिच्छेद जसेच्या तसे उतरल्याचे उघडकीला आले. त्यामुळे आमच्या आंबा-काजूच्या डोंगरात स्प्रूस आणि बर्च यांची जंगले उगवली होती. लोक हसले, पण मला त्यात हसण्यापेक्षा हिशेबाचा भाग दिसतो. नक्कल करणाऱ्याला खात्री होती की हे कोणी वाचणार नाही, आणि ती खात्री अनुभवावरून आलेली असणार. दुसरे उदाहरण गोव्याच्या मोपा विमानतळाचे. तेही सड्यावरच. तिथे अर्जाच्या पहिल्याच नमुन्यात आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्या विमानतळाची परवानगी स्थगित केली आणि फेरविचार करायला लावला. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, आज तिथून विमाने उडतात. पण माहिती लपवणे ही किरकोळ त्रुटी नव्हे, परवानगीच्या मुळाशी जाणारा दोष आहे, एवढे त्या निकालाने लिहून ठेवले.

एका बाजूने मात्र मी सल्लागारांवर राग धरत नाही. या खाणीची पाहणी करायला आलेला मुलगा पर्यावरणशास्त्राचा एम.एस्सी. होता, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. उन्हात धुळीचे यंत्र घेऊन आठ-आठ तास बसत असे. पुढे सुनावणीच्या वेळी भेटला तेव्हा मी त्याला चहाला घरी आणले. “पावसात का नाही आलात?” असे विचारले तर म्हणाला, “काका, मला कळत नाही असं नाही. पण एका वेळी आठ रिपोर्ट चालू असतात आणि पावसाळ्याचे पैसे कोण देणार?” मी फीविषयी विचारले. तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, “चार हप्ते असतात. शेवटचा परवानगी आल्यावर.”

मी कप खाली ठेवला. चौतीस वर्षांत मला असा व्हॅल्युअर माहीत नाही, ज्याची फी कर्ज मंजूर झाल्यावरच मिळते. तसा कोणी असता तर त्याचे मूल्यांकन मी उघडूनही पाहिले नसते. सल्लागारांना आता दिल्लीच्या संस्थेची मान्यता लागते, अहवालावर प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञाचे नाव घालावे लागते; हे सगळे ठीक आहे. पण मान्यताप्राप्त माणसालाही पोट असते.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो आपल्या शेजारच्या राज्यात करून पाहिलेला आहे. गुजरातेत कारखान्यांचे प्रदूषण तपासणारे लेखापरीक्षक कारखानदारच नेमत आणि कारखानदारच त्यांना पैसे देत. त्यांच्या अहवालांतले आकडे कसे, तर मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने बसलेले. एस्थर डफ्लो (ज्यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी टाकून दिले, त्यांचे पैसे एका सामायिक निधीतून ठराविक दराने दिले, आणि त्यांचे काही आकडे दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेतले. माणसे त्याच धंद्यातली, यंत्रे तीच. आकडे मात्र खरे येऊ लागले, आणि आकडे खरे येऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बँकेतल्या कोणत्याही जुन्या हेडक्लार्कने हे प्रयोगाशिवाय सांगितले असते, पण सरकारला प्रयोग लागतो आणि तो झाला हे चांगलेच झाले.

केंद्राने २०२५ साली पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले, त्यातही परीक्षक अर्जदाराने न निवडता सोडतीसारख्या पद्धतीने नेमण्याची तरतूद आहे. पण ती परवानगीनंतरच्या तपासणीसाठी. परवानगी ज्या अहवालावर द्यायची तो अहवाल अजून अर्जदाराच्या पैशाने, अर्जदाराच्या माणसाकडूनच लिहिला जातो. माझे म्हणणे एवढेच, की तोच नियम एक पायरी आधी आणा. अर्जदाराने फी राज्याच्या एका निधीत भरावी. सल्लागार यादीतून सोडतीने यावा. त्याचे पैसे परवानगी मिळो न मिळो, त्याला मिळावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधल्या लाफार्ज प्रकरणात आणि पुन्हा २०१४ मध्ये, प्रकल्पांची छाननी करणारा स्वतंत्र राष्ट्रीय नियामक नेमा असे सरकारला सांगितले होते. रिझर्व्ह बँक नसती तर बँकांचे काय झाले असते याचा विचार ज्याने केला आहे, त्याला या सूचनेचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

परवानगीनंतरचेही थोडे सांगतो. नियमाप्रमाणे प्रकल्पवाल्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. तोही स्वतःच. वाचकांपैकी जे बँकेत होते त्यांना १९९२ पूर्वीचे दिवस आठवतील. कर्जाचा हप्ता येवो न येवो, आम्ही व्याज जमा धरत होतो आणि ताळेबंदात नफा दिसत होता. नरसिंहम समितीच्या शिफारशींवरून १९९२-९३ पासून नियम आला, की जे व्याज हातात आले नाही ते उत्पन्न धरायचे नाही. एका वर्षात कित्येक बँकांचे फुगलेले ताळेबंद खाली बसले. त्या वर्षी शाखेत जे चेहरे पाहिले ते अजून विसरलो नाही. पर्यावरणाच्या खात्यात तो नियम यायचा आहे. लावलेली म्हणून दाखवलेली झाडे तिथे आजही जमेला धरली जातात.

आता विरुद्ध बाजू. माझे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. गावातली शाळा, देऊळ, ग्रामपंचायत, सगळे चिऱ्यांचे आहे. चिरा कोठूनतरी निघाल्याशिवाय भिंत उभी राहत नाही, आणि मुंबईला जाऊन आठ-दहा हजारांच्या नोकरीत खोलीचे भाडे भरण्यापेक्षा गावात डंपर चालवणे ज्यांना बरे वाटते ती मुले मूर्ख नाहीत. सुनावणीला ती मुले आली होती आणि त्यांनी खाणीच्या बाजूने बोलून दाखवले. त्यांच्यातला एक म्हणाला, “तुमची पेन्शन चालू आहे काका, आमचं काय?” याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते, आणि अहवालाकडेही नव्हते. त्यात रोजगाराच्या रकान्यात एक आकडा होता. पण त्यातले किती गावचे, किती महिने, किती पगारावर, हे नव्हते. म्हणजे अहवाल खाणीला विरोध करणाऱ्यांइतकाच खाण हवी असणाऱ्यांच्याही उपयोगाचा नव्हता.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडव, व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, बाजूला चित्रीकरण करणारा कॅमेरा. अशा सुनावणीला गणपूर्तीची अट नसते. चार माणसे आली तरी ती होते. इथे शंभरावर आली. सल्लागार संस्थेच्या प्रतिनिधींनी पडद्यावर इंग्रजी तक्ते दाखवत मराठीत भाषण केले. संपूर्ण अहवाल मराठीत असावा असे बंधन नाही, सारांश पुरतो. २०२० साली केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तोदेखील आधी इंग्रजी-हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ३० जून रोजी सांगितले, की तो आठव्या परिशिष्टातल्या बावीसही भाषांत द्या. न्यायालयाला जे लक्षात आले ते मांडवात बसलेल्या बायकांना पहिल्या पाच मिनिटांत आले होते. खालच्या वाडीतल्या एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आमच्या झऱ्याचं नाव ह्यात कुठं आहे ते वाचून दाखवा.” पाने उलटली गेली. नाव नव्हते. “भूजल या सदरात सर्व समाविष्ट आहे,” असे उत्तर मिळाले. आजी बसल्या नाहीत. पुन्हा म्हणाल्या, “नाव वाचा.”

गावाकडे त्या दिवशी एक गोष्ट होती जी साडेचारशे पानांत नव्हती. मेअखेरीस सड्यावर चुन्याच्या खुणा दिसल्या तेव्हाच प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी एक दोनशे पानी वही घातली. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही असायला हवी. या गावातही आहे. पण ती ३१ जानेवारी २०२० ही मुदत गाठण्यासाठी घाईघाईने भरलेली, आणि शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्यांशी ती स्वल्पविरामापर्यंत जुळते. गुरुजींनी ती बाजूला ठेवली आणि नवी सुरू केली. तीत दोनच गोष्टी. दर रविवारी झऱ्याखाली पंधरा लिटरची कळशी धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचे. आणि सड्याच्या कडेच्या त्याच विहिरीत, जिच्यात अहवालाने मे महिन्यात अकरा मीटर मोजले, दगड बांधलेला सुंभ सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचे. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारची नोंद आहे : दीड मीटर.

सहा मीटर खोल खाण आणि दीड मीटरवर पाणी. सुनावणीत मी फक्त एवढेच वाचून दाखवले, तारखा आणि आकडे, आणि वहीची झेरॉक्स इतिवृत्ताला जोडायला सांगितली. खाण नको असे मी म्हणालो नाही. उत्तरेकडचा, झऱ्याच्या वरचा तुकडा सोडून बाकीच्या भागाचे पावसाळी मोजमाप करा, खोली त्यावरून ठरवा, आणि मोजणारा माणूस अर्जदाराचा नसावा, असे लेखी दिले. अर्जदाराने मान खाली घालून ऐकले. जाताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी तो तुकडा अर्जात घातलाच नसता.” मला ते खरे वाटले. त्याने सल्लागाराला चांगली रक्कम मोजली होती, आणि स्वतःच्या सड्याखाली पाणी कोठे आहे ते त्यालाही कोणी सांगितले नव्हते.

फाइल आता मुंबईला राज्यस्तरीय समितीपुढे आहे. त्यांच्या बैठकीत एकेका दिवशी किती प्रकरणे असतात ते कार्यक्रमपत्रिकेवरून दिसते. आमच्या वहीच्या वाट्याला किती मिनिटे येतील हे मी मनातल्या मनात भागून पाहिले आणि सोडून दिले. वही बंद झालेली नाही. परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा पाळी सातवीतल्या एका मुलीची होती. कळशी भरायला ४१ सेकंद लागले. तिने आकडा लिहिला, तारीख घातली, पुढे स्वतःची सही केली, आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली.